कागदावरची करडं

आमच्या गावात नवा माणूस एसटीतून उतरला की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठलं पाव्हणं?" लगेच दुसरा, "कुणाकडं आलाय?" लहानपणी मला ह्या रिकामटेकड्या माणसांच्या चौकश्या वाटायच्या. पुढं कळलं, त्यात एक हिशेब होता. बी-बियाणं विकायला आलेला असो, बैलांचा दलाल असो की हात बघणारा असो, उद्या ह्याचं बोलणं खोटं निघालं तर ह्याला शोधायचं कुठं, एवढं त्या म्हाताऱ्यांना आधी जाणून घ्यायचं असायचं. समोरचा किती शहाणा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तो कुठं सापडेल हे मात्र ठरवता येत होतं.

त्या चौकशीत एक विषही होतं, ते लपवत नाही. 'कुणाचा कोण' विचारताना पुष्कळदा जातच विचारली जायची आणि जात कळली की हुशारी न बघताच माणसाची किंमत ठरायची. तसली चौकशी गेली तेवढं बरंच झालं. पण तिच्याबरोबर 'उद्या कुठं सापडशील' हा प्रश्नही आम्ही सोडून दिला, आणि त्याचे पैसे आमच्या घरानं मोजले.

धाकट्या भावाचा मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. २०२० च्या टाळेबंदीत काम सुटलं आणि पोरगं गावी आलं. वय सत्तावीस. घरी साडेतीन एकर रान, तेही चढावरचं. टेंभूचं पाणी आटपाडी तालुक्यात आलं, पण आमच्या बांधापर्यंत काही चढलं नाही. वर्षभर पोरानं इकडंतिकडं हातपाय मारले आणि मग बंदिस्त शेळीपालन करायचं मनानं घेतलं. विचार वाईट नव्हता. माणदेशात शेळी-मेंढीइतकं भरवशाचं दुसरं काही पिकत नाही.

मोबाईलवर त्याला एक 'सर' भेटले. व्यवसाय मार्गदर्शक आणि लाइफ कोच. त्यांचं पहिलं शिबिर फुकट. दुसरं तीन दिवसांचं, पाच हजार रुपयांचं. त्याच्या पुढं वर्षभर 'हात धरून चालवणारं' मार्गदर्शन, सव्वा लाखाचं. दुसरं शिबिर तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात होतं. पोरगं मला म्हणालं, "अण्णा, तुम्ही चला. तुम्हाला माणसं कळतात."

तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला हे वाक्य गोड लागतं. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो.

कार्यालय भरलेलं होतं. स्टेजवर मोठा पडदा, सरांचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, दाराशी टेबलावर त्यांनी लिहिलेली पुस्तकं. सर बोलायला लागले आणि दोन तास कुणी जागचं हललं नाही. आपण पत्र्याच्या खोलीत कसे वाढलो, दोनदा कसे बुडालो, तिसऱ्यांदा कसे उभे राहिलो हे त्यांनी रंगवून सांगितलं. मध्येच त्यांनी विचारलं, "इथं कुणी शिक्षक आहेत का?" पुतण्यानं माझा हात वर केला. सरांनी मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि सगळ्यांदेखत माझ्या पायाला हात लावला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या पडल्या तिथंच मी परीक्षक म्हणून नापास झालो होतो. ते मला फार उशिरा कळलं.

मग त्यांनी पडद्यावर हिशेब दाखवला. वीस शेळ्या. वर्षाला दोन वेतं. वेताला दोन करडं. म्हणजे ऐंशी करडं. एकेक सात हजाराला धरलं तरी पाच लाख साठ हजार. त्याचा छापील कागद सगळ्यांना वाटला.

परतताना पोरानं विचारलं, "कसं वाटलं, अण्णा?"

मी म्हणालो, "माणूस चांगला दिसतोय."

ह्या तीन शब्दांवर भावानं पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि सुनेचे दागिने गहाण पडले.

त्याच संध्याकाळी तो कागद घेऊन पोरगं थोरल्या आत्याकडं गेलं. ही माझ्या वडलांची बहीण, ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी आलेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं शेळ्या राखल्या. अक्षरओळख नाही. ती अंगणात एका पोरक्या करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती.

"वाच बरं, काय लिवलंय," ती म्हणाली.

पोरानं वाचून दाखवलं. ती करडाच्या तोंडाकडं बघतच बोलली, "वर्सात दोन येळा? आरं, शेळी पाच म्हैनं गाभण. व्याल्यावर करडाला पाजायचं का न्हाई? तिचं अंग भरायचं का न्हाई? दोन वर्सांत तीन येतं मिळाली तरी लई झालं." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "आन ह्यात मेल्यात किती?"

"कोण?"

"करडं."

"ह्यात मेलेली न्हाईत, आजी."

"मग ह्यो शेळ्यांचा कागद न्हाई," आत्या म्हणाली आणि बाटली काढून करडाचं तोंड पदरानं पुसलं.

पोरगं हसलं. मीही हसलो. वर तिला समजावलं, "आत्ये, आता शास्त्रीय पद्धत आलीया." ती काही बोलली नाही.

पुढं सगळं झाल्यावर एका रात्री मी पाटी घेऊन बसलो. दोन वर्षांत तीन वेतं म्हणजे वीस शेळ्यांची वर्षाला तीस वेतं. सगळ्याच शेळ्या जुळं देत नाहीत. सरासरी दीड धरलं तर पंचेचाळीस करडं. त्यातली मेलेली वजा केली की आकडा चाळीसच्या आत येतो. म्हणजे त्या छापील आकड्याच्या निम्म्यावर. खुराक, औषध, मजुरी तर अजून धरलेलीच नाही. तेहतीस वर्षं मी पोरांना गुणाकार शिकवला आणि समोर आलेला एक गुणाकार तपासून बघायचं मला सुचलं नव्हतं. कारण माझ्या खांद्यावर शाल होती.

आषाढात टेम्पो आला. बावीस शेळ्या, चौदा हजारांना एक, सरांनीच सांगितलेल्या फार्मवरून. पोरानं हौसेनं त्यांच्या गळ्यात घुंगरं बांधली आणि त्या थेट नव्या गोठ्यात सोडल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी एकीच्या नाकातून शेंबूड यायला लागला. मग ताप, तोंडात फोड, हगवण. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले आणि बघताक्षणी म्हणाले, "पीपीआर दिसतोय. लस दिली होती का?" लस कुणी दिली नव्हती. नव्या शेळ्या आणल्यावर आधी तीन आठवडे वेगळ्या बांधायच्या असतात, हेही कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांच्या शिबिरात 'श्रीमंत माणूस पहाटे किती वाजता उठतो' हे सांगितलं होतं. बावीसातल्या तेरा गेल्या. त्या पुरायला खड्डा खणणाऱ्यांत मीही होतो.

सरांना फोन लावला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "घाबरू नका, मानसिकता पॉझिटिव्ह ठेवा." नंतर त्यांचा मदतनीस फोन घ्यायला लागला. पोरानं मार्गदर्शनाच्या ग्रुपवर मेलेल्या शेळ्यांचे फोटो टाकले, तेव्हा 'निगेटिव्हिटी पसरवणाऱ्यांना इथं जागा नाही' असं लिहून त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

पैसे गेले ते गेले. पण त्यानंतर दोन महिने पोरगं एकच बोलत होतं, "चूक माझीच हाय, अण्णा. माझाच माइंडसेट कमी पडला." खरं नुकसान मला तिथं दिसलं. त्या शिकवणीची बांधणीच अशी होती की तुमचं चांगलं झालं तर ते सरांमुळं आणि बुडालं तर तुमच्या डोक्यामुळं. अशा माणसाला चूक म्हणून ठरवता येत नाही, कारण चुकायला त्यानं स्वतःसाठी जागाच ठेवलेली नसते. आणि जो कधी चुकूच शकत नाही, त्याचं बरोबर असणं तरी कशावरून धरायचं?

सर लबाड होते का? मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कदाचित स्वतःच्या बोलण्यावर त्यांचा खरोखर विश्वास असेल. माझा प्रश्न त्यांच्या नियतीचा नाही, माझ्या अडाणीपणाचा आहे. मला शेळीपालनातलं काही कळत नाही, म्हणून मी कळणाऱ्याकडं जातो. पण ह्याला खरंच कळतं का, हे ठरवायचं तर मला आधी थोडं कळायला पाहिजे. ज्याला पोहता येत नाही त्यानं पोहणी शिकवणारा पारखायचा कसा? ही अडचण अडाणी माणसाचीच आहे असं नाही. पुण्यात मोठ्या पगारावर असलेला माणूसही पैसे कुठं गुंतवावेत, आयुष्याचं काय करावं ह्या बाबतीत आमच्या पोराइतकाच आंधळा असतो.

ह्यावर मला जे काही उमगलं ते आमच्या तात्यांमुळं.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. तात्या चौदाव्या वर्षी भावकीतल्या एका शेठबरोबर केरळात गेले. तिथं गेल्यावर पहिली दोन वर्षं त्यांना सोन्याला हात लावू दिला नाही. काम एकच, दुकान झाडायचं. आणि झाडलेली माती टाकायची नाही, जपून ठेवायची, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. पोरगं ती माती किती नेकीनं गोळा करतंय ह्यावर शेठची नजर असायची. मग भट्टी, मग मूस, मग तेजाब. सोन्यात चांदी मिसळून ते तेजाबात उकळतात. चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं तळाशी उरतं. सात-आठ वर्षांनी शेठनं स्वतःच्या भांडवलावर दुसऱ्या गावात तात्यांना दुकान टाकून दिलं.

त्या पद्धतीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तेजाबाच्या धुरानं तात्यांची छाती कायमची खराब झाली. मार खाल्लेली, पगार बुडालेली पोरंही त्या धंद्यात होती आणि विद्या दाबून ठेवणारे शेठही होते. पण एक गोष्ट तिथं पक्की होती. शिकणाऱ्या पोराच्या हातून मूस फुटली तर सोनं शेठचं जात होतं. शिकवणारा आणि शिकणारा एकाच नुकसानीत बांधलेले होते. त्यामुळं पोरगं तयार झालं नसताना 'तू तयार आहेस' असं सांगणं शेठला परवडतच नव्हतं.

तेरा शेळ्या मेल्या तेव्हा तात्या गावीच होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला त्यांची जुनी कसोटी दाखवली, काळा गुळगुळीत दगड. म्हणाले, "गुरुजी, ह्याच्यावर सोनं घासा न्हाईतर पितळ घासा, रेघ दोन्हीची पिवळीच. फरक तेजाब लावल्यावर. पितळंची रेघ जाती, सोन्याची ऱ्हाती. तू नुसती रेघ बघून आलास."

मग मी बसून विचार केला, की त्या कार्यालयात कोणता तेजाब माझ्याकडं होता जो मी लावला नाही?

पहिला तर आत्यानं लावलाच होता. मेल्या किती? ज्यानं खरोखर काम केलंय त्याच्यापाशी मेलेल्यांचा हिशेब असतो. आत्याला तिच्या मेलेल्या शेळ्या नावानिशी पाठ होत्या. कोणती कशानं गेली, तेव्हा आपण काय करायला पाहिजे होतं, हे ती बोटांवर मोजून सांगायची. सरांनीही दोनदा बुडाल्याचं सांगितलं होतं, पण ते बुडणं गोष्टीतलं होतं, पुढं वर यायचंच ठरलेलं. मी विचारायला हवं होतं ते त्यांच्या हाताखालच्या माणसांबद्दल. तुमच्याकडं शिकून किती जणांनी गोठे टाकले, त्यातले तीन वर्षांनी किती चालू आहेत, आणि बंद पडलेल्या दोघांचे पत्ते देता का? यशस्वी झालेल्यांचे फोटो सगळेच दाखवतात. चार बोअरमधल्या एका बोअरला पाणी लागलं की पाणाड्याचं नाव होतं. उरलेली तीन कोरडी भोकं ज्याच्या रानात असतात, तो ते कर्ज फेडत गप्प बसलेला असतो.

दुसरा तेजाब असा, की ह्याची चूल कशावर पेटते? शेळ्यांवर, की शेळ्यांच्या शिबिरांवर? शिबिराचे पैसे घेणं हे पाप नाही. मीही शिकवण्याचाच पगार खाल्ला. पण ज्याला शेळ्यांपेक्षा शेळीपालन शिकवण्यात जास्त मिळतं, आणि वर जनावरंही ज्याच्याच सांगण्यावरून घ्यायची, त्याचा फायदा आपण सुरू करण्यात असतो. आपण टिकण्यात नसतो.

तिसरा, ह्यानं कुणाला 'नको' म्हटलंय का? त्या कार्यालयात दोनशे माणसं होती. कुणाकडं पाणी नव्हतं, कुणाकडं राखायला माणूस नव्हतं. सगळ्यांना एकच सल्ला मिळाला, की उडी मारा. डॉक्टर सगळ्या रोग्यांना एकच गोळी देत असेल तर तो रोग्याकडं बघत नाही, गोळ्यांच्या डब्याकडं बघतो.

चौथा, ह्याला स्वतःचा बांध ठाऊक आहे का? शेळ्या मेल्यावर पोरगं आत्याच्या पायाशी येऊन बसलं. ती म्हणाली, "चाऱ्याचं, येताचं, करडाचं मी सांगीन. सुई-औशिदातलं मला कळत न्हाई, ते डाक्टरालाच इचार. मीबी लस टोचली न्हाई म्हणून एका पावसाळ्यात सात घालवल्यात." आपल्याला कुठवर कळतं आणि कुठून पुढं कळत नाही, हे न विचारता सांगणारा माणूस मला त्या दिवशी भेटला. आणि तो माझ्याच घरात राहत होता.

भाची पुण्यात एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते. तिनं मला आणखी एक गोष्ट समजावली. आपण सरसकट एकच समजतो, पण मार्गदर्शक वेगळा आणि कोच वेगळा. मार्गदर्शक तोच धंदा आधी करून बसलेला असतो आणि अनुभवातून सल्ला देतो. कोचनं सल्ला द्यायचा नसतो; नीट प्रश्न विचारून तुमचं उत्तर तुमच्याकडूनच काढायचं असतं. जो एका हातानं कोच म्हणवतो आणि दुसऱ्या हातानं शेळ्या घ्यायला लावतो, त्याला आधी विचारावं की बाबा, तू नक्की कोण? कोचसाठी प्रशिक्षण असतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची १९९५ साली निघालेली एक संस्था आहे. तिच्या अगदी पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही निदान साठ तासांचं शिक्षण आणि शंभर तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पण ती खाजगी संस्था. तिचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे असा कायदा नाही. जनावरांच्या डॉक्टरला नोंदणी लागते, पैशाच्या गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याला सेबीकडं नोंदणी करावी लागते. 'तुझं आयुष्य बदलून देतो' म्हणणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही. म्हणजे पारख करायचं काम सगळं आपल्यावरच.

आणि पारख करता येते. आमच्यापासून लांब नाही, फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथल्या माणसांनी बंगालच्या सुंदरबनातली गरोल मेंढी आणून दख्खनी मेंढीशी संकर केला आणि वर्षानुवर्षं खपून जुळी देणारी 'नारी सुवर्ण' जात तयार केली. नुसती आपल्या गोठ्यात ठेवली नाही, तर मेंढपाळांच्या कळपात देऊन तिथं ती कशी टिकते ह्याच्या नोंदी ठेवल्या. जन्मलेली किती, जगलेली किती, हे त्यांच्या कामातलंच गणित. आमच्या पोरानं सव्वा लाख भरण्याआधी एसटीनं फलटण गाठलं असतं, तर निदान प्रश्न कसे विचारायचे हे तरी त्याला कळलं असतं. पण त्यासाठी त्याला पाठवायला हवं होतं मी, आणि मी तर शाल घेऊन आलो होतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण तात्यांचा तेजाब एकदा हातात आला की तो स्वतःच्या रेघेवरही लावून बघावा लागतो.

२००६ च्या सुमाराला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी सल्ला दिला होता. पोराचा हात फार चांगला. बंद पडलेला रेडिओ, पंपाचा स्टार्टर तो उघडून जोडायचा. त्याला आयटीआयला जायचं होतं, वायरमन व्हायचं होतं. बाप त्याला घेऊन माझ्याकडं आला, "गुरुजी, तुम्ही सांगाल तसं." मी सांगितलं, "डी.एड. कर. मास्तरकीसारखी पक्की नोकरी नाही." मी स्वतः डी.एड. करून लागलो होतो, म्हणून तोच रस्ता मला ठाऊक होता. बापानं अर्धा एकर विकून खाजगी कॉलेजची फी भरली. पोरगं पास झालं, आणि २०१० नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली. २०१३ साली टीईटी आली. पुढं राज्यातली कितीतरी डी.एड. कॉलेजं पोरं मिळेनात म्हणून बंद पडली. असा सल्ला मी एकाला नाही, कितीतरी जणांना दिला होता. किती जणांना, ते मी कधी मोजलं नव्हतं. नोकरीला लागलेली पोरं पेढे घेऊन घरी येत, त्यांची नावं मला पाठ होती. न लागलेली आलीच नाहीत, आणि ती का येत नाहीत हे मी विचारलं नाही.

म्हणजे माझ्याही कागदावर मेलेली करडं नव्हती.

तो पोरगा आता डाळिंबाची पिकअप चालवतो. तेरा शेळ्या पुरल्यावर मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. चहा झाल्यावर विषय काढला. म्हणालो, "मी तुला चुकीचं सांगितलं."

तो म्हणाला, "गुरुजी, तुमी चांगल्यासाठीच सांगितलं हुतं की."

खरंच चांगल्यासाठी सांगितलं होतं. पण त्याच्या अंगणात बसल्या बसल्या मला कळून चुकलं, की चांगली भावना ही लायकी नव्हे. एखादे वेळी तिच्यामुळं धोका वाढतोच, कारण चांगल्या भावनेच्या माणसाला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. लबाडापासून माणूस थोडा तरी सावध असतो. गुरुजींपासून कोण सावध राहणार? त्या सरांनी निदान पैसे घेतले होते, त्यांच्यावर राग तरी धरता येतो. मी काही घेतलं नव्हतं, म्हणून त्या बापाला माझ्यावर रागावताही आलं नाही.

मग माणसानं सल्लाच देऊ नये का? तसंही नाही. आत्यानं तोंड मिटून घेतलं असतं तर आमचं पोरगं आज उभं नसतं. वाचलेल्या नऊ शेळ्यांवर त्यानं पुन्हा सुरुवात केली. पीपीआरची लस वेळेवर, आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी, नवं जनावर आलं की गावाबाहेरच्या छपरात तीन आठवडे. गेल्या दिवाळीला सोळा शेळ्या होत्या. कर्ज अजून आहे. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या काही महिन्यांत पोरगं तिला काही विचारायला गेलं की ती म्हणायची, "आता माझ्याकडं कशाला येतूस? तुलाच कळतंय की." हा पाचवा तेजाब मला तिच्याकडूनच कळला. चांगला गुरू शिष्याला स्वतःपासून सुटा करतो. सरांचं मार्गदर्शन मात्र दर वर्षी नव्यानं घ्यायचं होतं.

परवा गल्लीतला एक बारावी झालेला मुलगा आईला घेऊन आला. पुण्यात कसलासा कॉम्प्युटरचा कोर्स आहे, फी नव्वद हजार, नोकरीची हमी. "गुरुजी, करू का?" त्याची आई माझ्या तोंडाकडं बघत होती. जीभ सवयीनं उत्तर द्यायला निघाली होती. मी तिला आवरलं आणि आधी त्या पिकअपवाल्या पोराची गोष्ट सांगितली, मग माझ्या शालीची. म्हणालो, "कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, एवढंच मी सांगू शकतो." भाचीचा नंबर दिला. आणि एका कागदावर लिहून दिलं, की मागच्या तीन वर्षांत ज्यांना नोकरी लागली नाही अशा दोघांचे पत्ते त्या क्लासकडं मागायचे.

आईला ते काही फारसं पटलं नाही. गुरुजी आता थकले, असं तिला वाटलं असावं. मुलानं मात्र तो कागद घडी करून खिशात ठेवला.